चोथा कुठं गेला? आमच्या भागातल्या ताटाची शंभर वर्षं



डेअरीवर फॅट लागलं नाही की आपण आधी काय बघतो? वैरण. पेंड, भरड जास्त झाली आणि कडबा कमी पडला की गाय रवंथ कमी करते, पोटात आंबट होतं आणि दुधाचं फॅट उतरतं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. जनावराच्या पोटात चोथा गेला पाहिजे हे आपल्याला पक्कं माहीत आहे. मात्र आपल्या स्वतःच्या ताटातला चोथा कधी आणि कसा गेला याचा हिशोब आपण कधीच मांडला नाही. डॉक्टर आता सांगतात, "आहारात फायबर वाढवा." पुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. म्हातारी माणसं चोथा म्हणायची, मी पण तेच म्हणतो.

आमच्या भागात हा चोथा विकत आणायची वस्तू कधीच नव्हती. तो शेतातच होता. तो कसा कसा कमी होत गेला ते आज लिहितो. लांबलचक होईल, सवडीनं वाचा.

सुरुवात जुन्या सातारा जिल्ह्यापासून करू. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. सांगली हे वेगळं संस्थान, मिरज वेगळं, जत वेगळं. स्वातंत्र्यानंतर १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याला सांगली हे नाव मिळालं. इंग्रजांनी १८८५ साली साताऱ्याचं गॅझेटिअर छापलं. त्या काळात इथल्या सामान्य माणसाचं रोजचं अन्न म्हणजे ज्वारी आणि बाजरी. भात आणि गहू खाणारी घरं थोडी. गहू घरात असायचा, पण बेंदूर, दिवाळी, पाव्हणा, लग्न अशा वेळेला. पुरणपोळी वर्षातून किती वेळा व्हायची ते बोटावर मोजता यायचं.

आणि गहू तरी कुठला? खपली. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आणि पलीकडं बेळगावपर्यंत हा खपली गहू व्हायचा. याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, मळणीत सुटत नाही, वेगळं कांडावं लागतं. कांडलेल्या खपलीची खीर आमच्याकडं अजून लग्नाकार्यात होते, जत-मिरजेच्या बाजूला तिलाच हुग्गी म्हणतात. अख्खा दाणा शिजवलेला, गूळ घातलेला. म्हणजे गोडधोड खातानासुद्धा कोंडा पोटात जातच होता.

रोजचं ताट मात्र शाळूचं. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. भाद्रपद-अश्विनात पेरायची, परतीच्या पावसावर आणि रानातल्या ओलीवर वाढवायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. पाणी द्यायचं नाही, खत बेताचं. या शाळूतली राणी म्हणजे मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून १९३० च्या दशकात एम ३५-१ हे वाण बाहेर आलं. जवळपास नव्वद वर्षं होत आली तरी ते अजून पेरलं जातं. दुसऱ्या कुठल्या पिकाचं वाण एवढं टिकलंय ते कृषी सहायकांनी सांगावं. त्याचं कारण सोपं आहे. दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी गोड, आणि कडबा असा की जनावर ताटाचं बूडसुद्धा सोडत नाही. माणसाला आणि जनावराला एकाच पिकातून खाणं.

यातच किर्लोस्करांची एक गोष्ट घुसवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्या सुरुवातीच्या मालात कडबा कापायचं यंत्रही होतं. म्हणजे आपल्या भागातल्या कारखानदारीची सुरुवातच वैरणीच्या चोथ्यापासून झाली म्हणा की.

आता महत्त्वाची गोष्ट. शाळू कधी एकटा नसायचा. त्यात करडईच्या ओळी, कडेला हरभरा. खरिपाच्या बाजरीत आणि ज्वारीत तूर, मटकी, हुलगा, चवळी, कुठं अंबाडी. एका रानातून पाच-सहा धान्यं-कडधान्यं घरात यायची. त्यामुळं ताटही तसंच भरायचं. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, शेंगोळ्या, ज्वारीच्या कण्या, आंबील, घुगऱ्या. थंडीत हुरडा. शिवाय न पेरलेलं पीक वेगळंच. भांगलायला गेलेल्या बायका येताना ओट्यात पाथरी, घोळ, तांदुळजा, चाकवत घेऊन यायच्या. पाथरी तर धुवून कच्चीच भाकरी-ठेच्याबरोबर खायची. याला पैसे पडत नव्हते म्हणून याला किंमत नव्हती.

हा काळ सुखाचा होता असं कुणी समजू नये. मी तसं लिहिणार नाही. पोटभर मिळत नव्हतं हे खरं. १८७६-७८ च्या दुष्काळात सरकारी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर आणायचा हुकूम रिचर्ड टेंपलनं काढला होता. आपल्या मुंबई इलाख्यात त्यावर मजुरांनी कामं सोडून संप केला. चोथा भरपूर पण अन्नच कमी, अशीही वर्षं या मातीनं बघितली आहेत. म्हणून 'जुनं ते सोनं'वाल्यांना माझा दंडवत लांबूनच.

खरा बदल सुरू झाला १९६० नंतर, आणि तो एका बाजूनं आला नाही.

पहिलं आलं हायब्रीड. सी.एस.एच.-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी १९६४ ला आली. खरिपाची. उतारा दुप्पट-तिप्पट, पण बुटकी, म्हणजे कडबा कमी. आणि कणसं भरायला आणि पाऊस पडायला एकच गाठ. दाणा काळा पडायचा, बुरशी धरायची. "हायब्रीडची भाकरी" हा आमच्याकडं नाक मुरडायचा शब्द झाला. ज्या घरात हायब्रीड खायची वेळ आली ते घर गरीब. माझं मत असं की ज्वारीची इज्जत बाहेरच्या कुणी घालवली नाही, ती या काळ्या दाण्यानं घालवली. शाळू चांगला, हायब्रीड वाईट, हा फरक गावात सगळ्यांना कळत होता. शहरात मात्र सगळीच ज्वारी एका मापात गेली.

दुसरं आला दुष्काळ. १९७० पासूनच पाऊस ओढ देत होता आणि १९७२ ला तर पार कंबर मोडली. आमच्या घरची माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला होती. मी तेव्हा कडेवरचा, त्यामुळं हे सगळं ऐकलेलं. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर मिलो आला. मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडं ती मुख्यतः जनावराचं खाद्य म्हणून पिकवतात, इकडं ती माणसाच्या ताटात आली. थापायला बसलं की भाकरी तुटायची, रंग लाल आणि चव कशाचीच नाही. आईच्या वयाच्या बायका अजून मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. पण एक सांगतो, त्या मिलोनं माणसं जगली.

या दुष्काळात आपल्या जिल्ह्याचं नाव एका चांगल्या गोष्टीसाठी घेतलं जातं. विसापूरचे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली आणि १९६९ ला तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामावर होती. पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला. आज देशभर जी रोजगार हमी म्हणून ओळखली जाते, तिचं मूळ आपल्या तालुक्यातलं आहे.

तिसरा आला गहू. मेक्सिकन जातीच्या रक्ताचा बुटका गहू साठच्या दशकात पंजाबात रुजला, कल्याणसोना आणि सोनालिका घरोघर पोहोचले, आणि रेशनच्या दुकानात गहू कायमचा आला. त्याआधी अमेरिकेतून पी.एल. ४८० करारानं १९५६ पासून गहू येतच होता. बांधावरचं काँग्रेस गवत त्याच गव्हातून आलं असं मानलं जातं. ते खरं असेल तर त्या करारातली एवढी एकच गोष्ट अजून फुकट मिळते! २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये आणि भरडधान्य एक रुपया असे दर ठरले. कागदावर ज्वारी सगळ्यात स्वस्त. प्रत्यक्षात दुकानात पोत्यामागून पोती आली ती गव्हाची आणि तांदळाची. आता २०२३ पासून ते धान्य फुकट आहे. फुकटच्या गव्हापुढं घरचा शाळू कोण पेरणार, आणि पेरला तर विकणार की खाणार? बहुतेक जण विकतात आणि रेशनचा गहू खातात. कारण शाळूला बाजारात भाव गव्हापेक्षा चांगला आहे. गरिबाचं धान्य महाग झालं आणि सणाचं धान्य फुकट झालं. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं मलाच येडा म्हटलं असतं.

आता चौथा, आणि आमच्या भागात सगळ्यात मोठा, तो म्हणजे ऊस. सहकारी साखर कारखाने १९५० नंतर उभे राहिले, वसंतदादांनी सांगलीत कारखाना काढला, कृष्णा-वारणेच्या काठाला उपसा योजना झाल्या. नंतर ताकारी, म्हैसाळ, टेंभूचं पाणी कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, जतपर्यंत चढत गेलं. मी या पाण्याच्या विरोधात एक शब्द लिहिणार नाही. ज्यानं टँकरच्या मागं हंडा घेऊन पळणारी माणसं बघितली तो लिहूच शकत नाही. पण पाणी आलं तिथं शाळू गेला. त्याच्याबरोबर करडई, हरभरा, मटकी, हुलगा गेला. पाच-सहा धान्यांच्या जागी एक पीक उभं राहिलं, आणि तेही असं की ज्यातलं एक कणही आपण घरी खायला आणत नाही.

उसाची गंमत बघा. ऊस म्हणजे चोथाच चोथा. शंभर टन उसामागं अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघतो. तो सगळा बॉयलरला जातो आणि साखर आपल्या चहात येते. साखरेत चोथा शून्य.

आणि उसात तणनाशक आलं. भांगलण परवडत नाही, मजूर मिळत नाही, हे मान्य. पण २,४-डी हे औषध रुंद पानाच्या तणावर काम करतं. आता पाथरी, घोळ, तांदुळजा, चाकवत ही सगळी रुंद पानाचीच. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात ती तणं आणि आमच्या आईच्या हिशोबात ती भाजी. पंपाला कोण काय म्हणतं ते कळत नाही. भांगलायची बाई रानातून गेली आणि तिच्या ओट्यातली भाजीपण गेली. चोथ्याच्या इतिहासात हे पान कुणी लिहीत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितोय.

आता तिकडच्या जगात काय चाललं होतं ते बघू. १८८० च्या आसपास युरोप-अमेरिकेत लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या. त्यात गव्हाचा कोंडा आणि अंकुर वेगळा काढता यायला लागला आणि पांढरा शुभ्र मैदा स्वस्त झाला. आधी जो मैदा श्रीमंताचा होता तो सगळ्यांचा झाला. पुढं डेनिस बर्किट नावाचे आयर्लंडचे शल्यविशारद युगांडात वीसेक वर्षं काम करत होते. त्यांच्या आणि त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की इंग्लंडमधल्या दवाखान्यात जे आजार रोज दिसतात, बद्धकोष्ठ, मूळव्याध, आतड्याचे विकार, मधुमेह, ते आफ्रिकेतल्या खेड्यात फार कमी आहेत. त्यांनी दोन्हीकडच्या माणसांचं अन्न पोटातून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजलं. खेड्यातल्या माणसाला साधारण दीड दिवस, इंग्लंडच्या माणसाला तीन दिवसांच्या आसपास. हा अभ्यास लॅन्सेट या मासिकात छापून आला ते साल होतं १९७२. त्याच वर्षी ह्यू ट्रॉवेल यांनी आहारातल्या तंतूंची व्याख्या मांडली. म्हणजे ज्या वर्षी आमची माणसं खडी फोडून मिलो खात होती, त्याच वर्षी तिकडं शोध लागत होता की भरड खाणाऱ्याचं पोट बरं असतं. बर्किटांचं सगळंच नंतर जसंच्या तसं टिकलं नाही, आजाराला वय, कष्ट, तंबाखू अशी दुसरीही कारणं असतात. पण चोथ्याचा मुद्दा टिकला. जागतिक आरोग्य संघटना आज मोठ्या माणसाला दिवसाला कमीत कमी २५ ग्रॅम चोथा सांगते. आणि ज्वारी मूळची आफ्रिकेचीच, हेही जाता जाता.

आता आकड्यांकडं येतो, कारण इथं पुष्कळ जण फसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ ला भारतीय अन्नाचे तक्ते काढले. त्यात शंभर ग्रॅममागं चोथा असा: बाजरी साडेअकरा ग्रॅम, नाचणी अकराच्या वर, ज्वारी दहाच्या वर, आणि गव्हाचं अख्खं पीठ साडेअकराच्या जवळपास. होय, गहू ज्वारीच्या मागं नाही! मैद्यात मात्र पावणेतीन आणि पांढऱ्या तांदळात पण तेवढाच.

म्हणजे "गहू सोडा, ज्वारी खा, फायबर मिळेल" असं जे मोबाईलवर फिरतं ते अर्धंच खरं. गव्हानं चोथा घालवला नाही, चाळणीनं घालवला. जात्यावर दळत होतो तेव्हा आणि गावात इंजिनावरची दगडी गिरण आली तेव्हाही दळण अख्खंच निघायचं. पुढं चपाती मऊ पाहिजे, पांढरी पाहिजे म्हणून बारीक चाळण आली. चाळलेला कोंडा कुठं गेला? म्हशीच्या पाटीत. म्हणजे परत तेच, म्हशीचं पोट आपण जपलं. वर सकाळच्या चहाबरोबर खारी, टोस्ट, पाव, बिस्किट. हे सगळं मैद्याचं.

आणि खरी मोठी घट कडधान्यात आहे. त्याच तक्त्यात अख्खा हरभरा शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम, अख्खा मूग १७, मटकी १५, पण तुरीची डाळ नऊच. टरफल काढलं की चोथा गेला. शाळूची एक भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची धरा, सात ग्रॅम चोथा. चार भाकरी खाल्ल्या तर तिथंच २८ होतात, वर मूठभर मटकीची उसळ चार-साडेचार ग्रॅम, पालेभाजी वेगळी. आमच्या आज्याचा हिशोब हा असा होता, आणि तो काही मोजत नव्हता. आज मैद्याचा नाष्टा, पांढरा भात, पातळ वरण आणि बटाटा असं ताट धरलं तर दिवसाला पंधरासुद्धा भरणं अवघड.

२०२३ ला आलेल्या आय.सी.एम.आर.च्या अभ्यासात देशात मधुमेहाची माणसं १० कोटी १० लाख निघाली आणि १३ कोटींवर माणसं त्याच्या उंबऱ्यावर. पूर्वी आमच्याकडं साखरेचा आजार म्हणजे पेठेतल्या शेठजीचा. आता ऊसतोडीच्या टोळीतला माणूसही गोळी घेतो. कारण एकटा चोथा नाही, हे परत सांगतो, पण तोही आहे.

ज्वारीचं पुढं काय झालं? देशात १९६०-६१ ला ज्वारीखाली १ कोटी ८४ लाख हेक्टर होतं. आता ते चाळीस लाखांच्या आसपास आलंय. सरकारनं २०१८ ला भरडधान्यांचं नाव बदलून पौष्टिक तृणधान्य केलं, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, अर्थसंकल्पात श्रीअन्न हे नाव आलं. नाव चांगलं आहे. पण शाळू उपटायला माणूस मिळत नाही, हा आमचा प्रश्न नावानं सुटत नाही. शाळू मुळासकट उपटून काढायचा, कडबा पाहिजे म्हणून. हाताला फोड येतात, बाईमाणूस तयार होत नाही. मालदांडीचा हमीभाव २०२४-२५ ला ३४२१ रुपये क्विंटल होता. काढणीचा खर्च धरला की कडबा विकला तरच मेळ बसतो. कडबा आखडायला लागला की शाळू परत पेरला जातो, एवढं साधं गणित आहे. म्हणजे माणसाचं धान्य आजही जनावराच्या पोटावर तगून आहे.

ज्यांच्याकडं अर्धा एकर तरी कोरडवाहू तुकडा आहे त्यांनी घरापुरता शाळू टाकावा असं माझं म्हणणं आहे. हलक्या रानाला राहुरीचं फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा, आणि चवीला मालदांडी. त्यात करडईच्या ओळी ठेवा. बांधाकडंच्या चार सऱ्या औषध न मारता सोडा, पाथरी आपोआप येते. ज्यांच्याकडं सगळा ऊसच आहे त्यांनी निदान गव्हाची चाळण खुंटीला अडकवावी आणि आठवड्यात चार दिवस मोड आलेलं कडधान्य करावं. एकदम वाढवू नका, पोट फुगतं. हळूहळू वाढवा आणि पाणी जास्त प्या. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या मंडळींना एक विचारायचं आहे. जुना गावरान हुलगा, लालसर आणि बारीक दाण्याचा, अजून कुणी लावतं का? आमच्या गावात शोधलं, दुकानात मिळतो तो बाहेरचा. कुणाकडं पायलीभर निघाला तर कळवा, बदल्यात खपलीचं बी देतो.